परत आलेली पाळी

आमच्या घरात पाळी आलेल्या बाईची जागा ठरलेली होती. स्वयंपाकघराच्या मागं पत्र्याची पडवी, पडवीत धुण्याचा दगड, त्याच्या पलीकडं एक कोरडा कोपरा. तिथं चटई आणि चटईवर भेरूगढची छापील चादर. ती चादर या कामासाठी मुद्दाम घेतलेली असायची, कारण तिचा लाल-काळा रंग इतका गडद की डाग पडला तरी दिसायचा नाही. तीन दिवस बाईनं तिथं बसायचं आणि चौथ्या दिवशी न्हाऊन आत यायचं. तिचं ताट, तांब्या, वाटी वेगळी. याला आम्ही बाजूला बसणं म्हणायचो, आणि परक्यांसमोर बोलायची वेळ आलीच तर कावळा शिवला म्हणायचो.

मला या सगळ्याचा मनस्वी राग यायचा. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, माधव नगरातल्या आमच्या गल्लीत घरोघर केबलच्या वायरी लटकायला लागल्या होत्या, कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ उघडला होता, टीव्हीवर पॅडच्या जाहिराती ऐन जेवणाच्या वेळी लागायच्या आणि वडील खाकरून पाणी प्यायला उठायचे. अशा दिवसांत कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं धुण्याच्या दगडाशेजारी बसायचं म्हणजे काय? मी भांडायचे, आई डोळे वटारायची, आणि काकू हसायची. "अगं, भांडतेस काय? तीन दिवस कुणी पोळ्या लाटायला सांगत नाही, छान पेपर वाच. मला मिळालं तर मी महिनाभर बसेन."

काकू म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, आईची मोठी जाऊ. वडील बँकेत, काका रेल्वेत, दोघं भाऊ एकाच घरात. काका-काकूंना मूल नव्हतं, त्यामुळे मी दोघींची मुलगी होते. आई रागवायची, काकू समजूत घालायची, असं त्यांनी आपसांत वाटून घेतलं होतं. माझ्या केसांना तेल लावायचं काम काकूचं. तिचा हात जड होता आणि बोलणं चालू असलं की डोकं चांगलंच हलायचं.

काकूची पाळी गेली तेव्हा घरात तिला बढतीच मिळाली. आता तिला कधीच बाजूला बसायचं नव्हतं, म्हणजे सोवळ्यातला सगळा स्वयंपाक तिचा. महालक्ष्म्यांचा नैवेद्य, श्राद्धाचं पान, नवरात्रातली माळ, सगळं काकू. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "तुमचं बरं आहे, आता टेन्शनच नाही." काकू हो म्हणायची, पण दुपारी ओट्याला टेकून उभी राहायची तेव्हा तिचे पाय सुजलेले असायचे. हे मला दिसत होतं. त्यात विशेष काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं, मलाही नाही.

मग काही वर्षांनी, एका सकाळी, काकू चटई काखेत मारून मागच्या पडवीत जाऊन बसली.

आई पदराला हात पुसत दारापर्यंत गेली. "काय झालं जाऊबाई?"

"अगं, कावळा शिवला परत," काकू म्हणाली, आणि जरा लाजली.

घरात हसू झालं. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "क्या बात है, भाभी, फिर से जवान हो गईं!" काकूनं त्यांना हातानं गप्प केलं, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी गोड होतं. तिला आराम मिळाला होता, आणि तो मागावाही लागला नव्हता. आईनं तिचं ताट वाढलं, तूप जरा जास्त घातलं, आणि वरून पाणी ओतून दिलं. तीन दिवसांनी काकू न्हाऊन आत आली. पुढच्या खेपेला लवकर बसली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी लवकर, आणि चौथ्या दिवशी उठली नाही. "अजून आहे," म्हणाली. आईनं नैवेद्य स्वतःकडे घेतला.

ते दिवस मी किती वेळा आठवून पाहिले आहेत. पडवीत काकू मटार सोलतेय. काकू मासिक वाचतेय. काकूचा चेहरा हळूहळू पिठासारखा पांढरा होत चाललाय आणि आई लोहाच्या गोळ्या आणतेय. रक्त जातंय हे सगळ्या घराला माहीत होतं. लपवलेलं काहीच नव्हतं. पण आमच्या घरात रक्तासाठी जागा होती, ताट होतं, तांब्या होता, चादर होती. काकू आपली त्या जागेवर जाऊन बसली आणि सगळं रीतीप्रमाणं झालं, म्हणून कुणी काही विचारलं नाही. हीच बाई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रक्तानं भिजली असती, तर आम्ही तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं.

पुढं कंबर दुखायला लागली, वास यायला लागला, आणि मग इंदूरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आई आणि माझ्यासमोरच विचारलं, कधीपासून? काका म्हणाले, "पाळी परत चालू झाली होती तेव्हापासून." डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. ते शांतपणे म्हणाले, "एक बार बंद हो जाए, उसके बाद जो आता है वो माहवारी नहीं होती. एक बूंद भी आए तो दिखाना होता है."

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता आणि बराच पसरला होता. रेडिएशनचे शेक दिले, सलाइनमधून औषधं दिली, काकूचे केस विरळ झाले, आणि उन्हाळ्याच्या आत काकू गेली.

त्यानंतर आईनं मला बाजूला बसायला कधी सांगितलं नाही. स्वतः मात्र तिची पाळी जाईपर्यंत बसली. पडवीत कुणी कपडे वाळत घालेना, तिथं सायकल ठेवेना. दुपारी घर निजलं की मागून तांब्या दगडावर ठेवल्याचा आवाज यायचा. मांजर असेल, असं मी म्हणायचे. आईचा कान मात्र तिकडे असायचा. मला भीती वाटायची. ती पुढं जिथं गेले तिथं सोबत आली. लग्न झालं, नानाखेड्याकडं नव्या कॉलनीत राहायला गेले, शाळेत शिकवायला लागले, आणि तरीही दर महिन्याला पहिला डाग दिसला की मी कॅलेंडर काढून दिवस मोजायचे. दोन दिवस आधी आली तरी काकू, एक दिवस जास्त राहिली तरी काकू.

शेवटी ठरवलं की एक चांगली बाईडॉक्टर शोधायची आणि काही होत नसताना तिच्याकडं जायचं. हे वाटतं तितकं सोपं निघालं नाही.

आमच्या माहितीतल्या एक मराठी डॉक्टरीणबाई होत्या, हुशार, हाताला यश असलेल्या. आईला विचारलं तर ती केवढ्यानं दचकली. "त्यांच्यासमोर? अगं, संक्रांतीला आपल्याकडे येतात त्या. मी त्यांची ओटी भरते. उद्या हळदी-कुंकू लावताना त्यांच्या तोंडाकडे बघू कशी?" मला हसू आलं, पण नंतर लक्षात आलं की मलाही तसंच वाटतंय. आपल्यातली, आपल्या भाषेतली, विश्वासाची डॉक्टर होती, आणि आपल्यातली होती म्हणूनच आमच्या मराठी मंडळातली एकही बाई तिच्यापुढं टेबलावर झोपायला तयार नव्हती. त्या बिचाऱ्या आमच्या पोरांचे सर्दी-खोकले बघत राहिल्या.

दुसरीकडं नवंकोरं नर्सिंग होम उघडलं होतं, काचेचं दार, बाहेर सोनोग्राफीची पाटी. तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "बच्चा चाहिए कि नहीं चाहिए?"

"दोन्ही नाही," मी म्हणाले. मग हिंदीत सांगितलं, "बस जाँच करवानी है."

"तकलीफ़ क्या है?"

"कुछ नहीं."

तिनं प्रथमच माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्यामागं नवरा कुठं दिसतोय का तेही पाहिलं. आतल्या डॉक्टरांनी हात न लावता सोनोग्राफी लिहून दिली आणि टॉनिक. मी चिडून बाहेर पडले. टॉनिक घेतलं नाही.

तिसरी डॉक्टर मला शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितली. नानाखेड्याच्या बसस्टँडपासून जवळ, औषधाच्या दुकानावरचा दवाखाना, जिना अरुंद. डॉक्टर ग्वाल्हेरकडची, माझ्यापेक्षा थोडी मोठी, बोलायला तुसडी. बाहेर भिंतीला लागून बायका बसलेल्या होत्या, मांडीवर पिशव्या, पदर कपाळापर्यंत. त्या प्रत्येकीत मला काकू दिसत होती. मला उठून जावंसं वाटलं, आणि तेवढ्यात माझा नंबर आला.

"क्या शिकायत है?"

"कुछ नहीं. मेरी काकी को बच्चेदानी के मुँह का कैंसर था."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तिनं सगळं नीट विचारून घेतलं. पाळी कशी येते, मधे डाग दिसतो का, संबंधानंतर रक्त जातं का, पांढरं जातं का, घरात आणखी कुणाला काय. असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मग आत नेऊन तपासलं, पिशवीच्या तोंडाशी जरा खरवडून काचेवर घेतलं, आणि मला काही समजायच्या आत झालंसुद्धा. काच तपासायला इंदूरला जायची. छाती स्वतःची स्वतः कशी चाचपायची ते तिनं माझाच हात धरून दाखवलं, पाळी झाल्यावर दर महिन्याला करायचं म्हणाली. "और हर साल आना. तकलीफ़ हो तब नहीं. तब तो सब आते हैं."

माझा रिपोर्ट चांगला आला. मी इतकी हलकी झाले की येताना पेढे घेतले आणि घरी काय निमित्त सांगायचं ते सुचेना.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या तयारीला मी माहेरी गेले. पुढच्या दारातून हाका मारत शिरले, तर स्वयंपाकघरात वडील स्वतः चहा करत होते. माझ्याकडं न बघता त्यांनी मानेनं मागं खूण केली.

मागच्या पडवीत, त्या कोपऱ्यात, चटईवर आई बसली होती.

क्षणभर मला ती आई वाटलीच नाही. तसंच भिंतीला टेकणं, तसेच पाय एका बाजूला घेतलेले. आईची पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती.

"शिवू नकोस," ती म्हणाली. "कावळा शिवलाय."

"आई!"

"ओरडू नको. शेजारी ऐकतील."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. ज्या बाईनं काकूला इंदूरला नेलं, तिथं उशाशी बसली, डॉक्टरांचं ते वाक्य माझ्याइतकंच स्वच्छ ऐकलं, ती बाई आज मला कावळा सांगत होती! कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणाली, "हे दुसऱ्यांदा. थोडंच आहे. फालतूचं टेन्शन घेऊ नकोस."

"आत्ताच्या आत्ता चल."

"बाजूला बसलेलीनं रिक्षात बसायचं?"

"रिक्षावाल्याला सोवळं नसतं, आई."

"थांबू दे, मग जाऊ. अशा अवस्थेत डॉक्टरपुढं कसं जायचं? घाण आहे ती."

मी वाट पाहिली, कारण मला वाटलं एवढं तरी ती खरं बोलतेय. चौथ्या दिवशी आई न्हाली, महालक्ष्म्या बसवल्या, सोळा भाज्यांच्या खटाटोपात मला राबवलं, आणि सण आटोपल्यावर मी रिक्षा आणली तर म्हणाली, "आता काय दाखवायचं? थांबलंय की. मी काय बीमार आहे?"

तेव्हा मला तो सापळा कळला. रक्त असताना जायचं नाही, कारण विटाळ. रक्त नसताना जायचं नाही, कारण काही झालेलंच नाही. काकूचे सगळे महिने या दोहोंच्या मधेच गेले होते, आणि आई आता त्याच वाटेनं, पाऊल न चुकवता, निघाली होती. मी सासरी परत आले, पण माझं लक्ष कशात लागेना. वर्गात फळ्यावर लिहिताना मला पडवी दिसायची. कोपऱ्यात बसलेली बाई वळायची तेव्हा कधी तिला काकूचा चेहरा असायचा, कधी आईचा.

वडिलांना फोन करून सांगून ठेवलं होतं की परत बसली की कळवा. या गोष्टीचं नाव त्यांच्या तोंडून येणं शक्य नव्हतं. पण एका दुपारी शाळेत फोन आला, आणि ते एवढंच म्हणाले, "आई मागं आहे."

मी तडक गेले आणि चटईवर आईशेजारी जाऊन बसले, अगदी खांद्याला खांदा लावून. ती अंग चोरत सरकली. मीही सरकले.

"आता मीही बाटले," मी म्हणाले. "चल."

आईनं नजर दगडाकडं वळवली. मग हळू म्हणाली, "तुला वेड्यासारखं वाटेल. मी इथं बसले ना, की ती पाळीच असते. इथून उठले की दुसरं काहीतरी होईल." पुढं म्हणाली, "आणि एकटी नसते मी. दुपारी जाऊबाई असतात. तिथं, तुझ्या पलीकडं. काही बोलत नाहीत. जागा करून देतात फक्त."

ऊन टळटळीत होतं, शेजारी कुकरची शिट्टी होत होती. तरी मी पलीकडं पाहिलं नाही. मला भांडायचं होतं, डॉक्टरांचं वाक्य सुनवायचं होतं, पण झालं काय, की मला रडू फुटलं. लहान मुलीसारखी मी ओक्साबोक्शी रडले. काकू गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते. "मला तुला नाही घालवायचं," एवढंच मी परत परत म्हणत होते.

आई उठली. सवयीनं तिचा हात माझ्या डोक्याच्या वर थोडा अधांतरी थांबला, शिवायचं नाही म्हणून. मग तिनं तो माझ्या केसांवर ठेवला.

"चप्पल कुठाय माझी?" ती म्हणाली.

अरुंद जिना ती कठडा धरून चढली. डॉक्टरनं रक्ताचं काही वावगं मानलं नाही. "अच्छा किया अभी आईं, मुझे यही देखना था," असं म्हणाली तेव्हा आईनं माझ्याकडं आश्चर्यानं पाहिलं. दोन दिवसांनी पिशवीचं क्युरेटिन केलं, म्हणजे आतून खरवडून घेतलं, आणि तुकडा तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी फक्त भाज्यांच्या भावाबद्दल बोललो. रिपोर्टात पेशी बदलायला लागल्याचं निघालं. कॅन्सर नव्हता, पण तसंच सोडलं असतं तर पुढं तोच झाला असता. पिशवी काढली. शेक नाही, औषधं फारशी नाहीत. टाके भरून आले आणि आई घरात हिंडायला लागली.

शेवटचं दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर कधी नव्हे ती हसली. "सब साफ़ है, माताजी. समय पर आ गईं, इसलिए इतने में निपट गया. अब चिंता की कोई बात नहीं."

मला वाटलं आई हात जोडेल. ती खुर्चीवर तशीच बसून राहिली.

"इतने में?" तिनं विचारलं.

"हाँ, इतने में."

आई माझ्याकडं वळली. इतक्या दिवसांत मी तिला घाबरलेली पाहिली होती, हट्टी पाहिली होती, पण हा चेहरा मी पाहिला नव्हता. ती मराठीत म्हणाली, "मग जाऊबाईंना आपण का नाही गं आणलं? मी तर रोज पाणी वाढत होते त्यांना. रोज विचारत होते, जेवलात का."

डॉक्टरनं दोघींकडं पाहिलं. "क्या कह रही हैं?"

"पूछ रही हैं," मी म्हणाले, "कि अब वापस कब आना है."

आईला हिंदी माझ्याइतकीच येत होती. तिनं माझं बोलणं खोडून काढलं नाही.

"छह महीने बाद," डॉक्टर म्हणाली. "फिर हर साल."

आई दर वर्षी आली. मला आठवण करून द्यावी लागली नाही, उलट तीच मला बरोबर घेऊन जायची, आणि पुढं मंडळातल्या दोघी-तिघींनाही तिनं त्या जिन्यावरून चढवून नेलं. टेबलावर चढताना ती एकदाही कुरकुरली नाही. उतरताना मात्र दर वेळी रडायची. डॉक्टरला वाटायचं दुखतंय, आणि ती तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, बस, माताजी, हो गया.